ग्लोव्हज कधी उतरवायचे आणि कसे: सोलापूरच्या बॉक्सरांसाठी

बॉक्सिंग सुरू कसं करायचं हे सांगणारे सोलापुरात आता बरेच झालेत. थांबायचं कसं हे सांगणारं मला तरी कुणी भेटलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मी दिवसा सुताच्या दुकानात खाती लिहितो आणि संध्याकाळी पोरांना पॅड धरतो. आमच्या क्लासला बोर्ड नाही, स्वतःची रिंग नाही. पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेल्या बॅगा आणि फरशीवर चुन्यानं आखलेला चौकोन, एवढाच कारभार. येणारी पोरंपोरी अशोक चौक, साखर पेठ, बाळे या बाजूची. कुणाच्या घरी टॉवेलचे माग, कुणाची आई विड्या वळते. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि रिंगमध्ये मराठी, असा आमचा सोलापुरी प्रकार. यातलं एखादं पोरगं स्टेटपर्यंत जातं, फार तर नॅशनलला. बेल्ट आणि डॉलर यांच्याशी आमचा संबंध मोबाइलवर बघण्यापुरता.

तरी थांबायचा प्रश्न मुहम्मद अलीला पडला तोच आमच्या पोराला पडतो. अलीचं नाव जगात राहिलं, आमच्या पोराचं चार पेठांत राहतं, एवढाच फरक. आणि पेठेतलं नाव लवकर खराब होतं, कारण तिथं जुने व्हिडिओ कुणी लावून बघत नाही. लोकांनी तुम्हाला शेवटचं जसं पाहिलं तेवढंच त्यांच्याकडं असतं.

शून्याचा नाद सोडा

पहिल्यांदा डोक्यातून हे काढा, की न हरता थांबला तोच मोठा.

रॉकी मार्सियानोचं उदाहरण सगळ्यांना पाठ असतं: 49 लढती, 49 विजय, त्यातले 43 नॉकआउट. सप्टेंबर 1955 मध्ये आर्ची मूरला हरवलं आणि एप्रिल 1956 मध्ये 32 व्या वर्षी थांबला. पण त्याचा 49 चा आकडा वजनदार आहे तो वेगळ्या कारणानं. थांबला तेव्हा तो गादीवर होता, पैसे मिळत होते, आणि नंतर 1959 मध्ये परत उतरायचा मोह झाला, थोडा सरावही केला, तरी त्यानं तो विचार सोडून दिला. फ्लॉइड मेवेदर 50-0 आहे, एकानं जास्त. पण पन्नासावी लढत 2017 मध्ये कोनर मॅकग्रेगरशी, जो त्याआधी एकही व्यावसायिक बॉक्सिंग लढत लढलेला नव्हता. कागदावर मेवेदर पुढं आहे. कट्ट्यावर विचारा, लोक मार्सियानोचं नाव आधी घेतात.

आता मार्व्हिन हॅगलर बघा. एप्रिल 1987 मध्ये शुगर रे लेनर्डकडून हरला, तेही जजांच्या फुटलेल्या निकालावर, ज्यावर आजही भांडणं होतात. पुढच्या वर्षी निवृत्ती जाहीर केली, इटलीला गेला, सिनेमात कामं केली, आणि परत कधीच रिंगमध्ये उतरला नाही. शेवटची लढत हरलेली, तरी 2021 मध्ये वारला तेव्हा कुणी त्याला हरलेला माणूस म्हटलं नाही. त्याच्याबद्दल वाईट आठवणच कुणाकडं नाही, कारण म्हातारा हॅगलर मार खाताना कुणी पाहिलाच नाही.

लेनर्डचं उलटं झालं. 1982 मध्ये डोळ्याच्या पडद्याच्या दुखापतीनंतर थांबला, 1984 मध्ये आला, परत थांबला, 1987 मध्ये येऊन हॅगलरला हरवलं. तिथं सोडलं असतं तर यापेक्षा भारी शेवट नव्हता. पण 1991 मध्ये टेरी नॉरिसनं त्याला बारा राउंड धुतलं, आणि 1997 मध्ये, चाळिशीत, हेक्टर कामाचोनं पाचव्या राउंडमध्ये थांबवलं. हॅगलर-लेनर्ड यांच्यात चांगला कोण, यावर आमच्या शेडमध्ये तास तास जातो. नीट थांबला कोण, यावर वाद होत नाही.

रॉय जोन्स ज्युनियरचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. मार्च 2003 मध्ये त्यानं जॉन रुइझला हरवून हेवीवेटचा किताब घेतला. मिडलवेटचा, म्हणजे बऱ्याच हलक्या वजनगटाचा, माजी विजेता हेवीवेटला जिंकण्याची ही शंभरहून अधिक वर्षांतली पहिली वेळ. त्या रात्री थांबला असता तर आज त्याचं नाव घेताना लोकांनी कान पकडले असते. पण 2004 मध्ये तार्व्हरनं दुसऱ्या राउंडमध्ये पाडलं, त्याच वर्षी ग्लेन जॉन्सननं पाडलं, आणि तो पुढं कितीतरी वर्षं लढत राहिला. आमच्याकडची अठरा वर्षांची पोरं त्याला ओळखतात ती पडण्याच्या रील्समधून. त्याचा 1994 चा वेग त्यांना मी सांगून पटत नाही, दाखवावा लागतो.

उधारी फेडून जा

दुकानात खातं बंद करताना आम्ही एकच बघतो, येणं-देणं राहिलंय का. बॉक्सरनं हेच बघावं.

लेनॉक्स लुईसच्या कारकिर्दीत दोन पराभव: ऑलिव्हर मॅकॉल आणि हसीम रहमान. दोघांनाही परत गाठून हरवलं. होलीफील्ड झाला, 2002 मध्ये टायसन झाला. शेवटची लढत जून 2003, व्हिताली क्लिच्कोशी. सहा राउंडनंतर व्हितालीच्या डोळ्यावरच्या जखमेमुळं डॉक्टरनं थांबवली, आणि तेव्हा तीनही जजांच्या कागदावर लुईस मागं होता. लोकांना दुसरी लढत हवी होती. त्यानं फेब्रुवारी 2004 मध्ये निवृत्ती जाहीर केली. पळाला, असं तेव्हा बरेच म्हणाले. मला तो निर्णय पक्का वाटतो. आरशात बघून ज्याला कळलं की आता खालचा माणूस वर येतोय, त्यानं तिथं थांबणं म्हणजे पळणं नव्हे. बाकी सगळे हिशेब त्यानं आधीच चुकते केले होते.

तुमच्या पातळीवर याचा अर्थ काय? एक कागद घ्या. तुम्हाला खरोखर खुपणाऱ्या गोष्टी लिहा. स्टेटला एकदा तरी मेडल. अमुक पोराकडून दोनदा हरलो, त्याच्याशी एक बाउट. नॅशनलचं तिकीट. तीनच्या वर लिहू नका, चौथी गोष्ट बहुतेक हौस असते. यातल्या कुठल्या गोष्टी पुढच्या दोन हंगामांत होण्यासारख्या आहेत त्यावर खूण करा. बाकीच्या खोडा. खोडताना हात जड होतो, पण ते आत्ता शेडमध्ये झालेलं बरं. जे खोडायचं राहिलं त्याच्यासाठीच लोक पस्तिशीत परत ग्लोव्हज बांधतात.

निर्णय घ्यायची वेळ

हरल्याच्या रात्री नाही. जिंकल्याच्या रात्री तर अजिबात नाही. बाउट ठरलेली असताना नाही, कारण तेव्हा तुम्ही वजन उतरवत असता आणि उपाशी माणूस फक्त भाकरी आणि शेंगाचटणीचा विचार करतो. आमच्याकडं मोकळा काळ मिळतो तो उन्हाळ्यात. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, सराव पहाटेवर येतो, स्पर्धा कमी असतात. दरवर्षी त्या दिवसांत बसा आणि मागच्या वर्षाचा कागद काढून वाचा.

(जाता जाता: त्याच उन्हात वजन उतरवायला प्लास्टिकचा सूट घालून पळणारी पोरं दिसतात. ते ताबडतोब बंद करा. नाव राहायचं तर आधी माणूस राहिला पाहिजे.)

‘लोक “का थांबलास?” विचारतात तेव्हा थांबावं, “का थांबत नाहीस?” विचारेपर्यंत वाट बघू नये’ हे विजय मर्चंट यांचं म्हणून सांगतात. त्यांनी तसं केलंही. 1951 मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध 154 केले, त्याच कसोटीत खांदा दुखावला, आणि ते थांबले. सल्ला सोन्यासारखा आहे, पण क्रिकेटचा आहे. फलंदाजाचा फॉर्म गेला तर तो आउट होऊन पॅव्हेलियनमध्ये जातो. बॉक्सरचा फॉर्म गेला तर त्याला तिथंच उभं राहून डोक्यावर ठोसे घ्यावे लागतात. शिवाय गल्लीतले लोक बॉक्सरला ‘का थांबत नाहीस’ असं कधीच विचारत नाहीत. त्यांना तुमचा फ्लेक्स हवा असतो, शिवजयंतीला स्टेजवर उभं करायला माणूस हवा असतो. त्यामुळं लोकांच्या प्रश्नाची वाट बघू नका. खुणा बघा.

खुणा कुठं दिसतात

वयाचा आकडा फसवतो. अॅमॅच्युअरमध्ये, म्हणजे हौशी बॉक्सिंगमध्ये, एलिट (मोठ्यांच्या) गटाची मर्यादा 40 वर्षांची आहे, पण त्या आकड्यापर्यंत लढायलाच पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही. शरीर झिजतं ते मारलेल्या आणि खाल्लेल्या ठोशांनी, आणि त्यातले बहुतेक स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत पडतात, बाउटमध्ये नाही. आपल्याकडं एक घाण खोड आहे: जिल्ह्याच्या निवडीआधी जुन्या बॉक्सरला दमदार पोरापुढं उभं करायचं आणि बाजूला उभं राहून म्हणायचं, ‘होऊ दे की ओ जरा!’ त्या ‘जरा’त माणसाची वर्षं जातात.

मी काय बघतो ते सांगतो.

जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारून डावा हात परत येतो तो कुठं येतो? गालाशी यायला पाहिजे. तिसऱ्या राउंडला तो छातीशी येत असेल तर दम कमी आहे, पळायला लावा. पहिल्याच राउंडला छातीशी येत असेल आणि महिनाभर सांगूनही तेच, तर दुखणं दमाचं नाही.

दुसरी खूण ऐकायची असते. ‘दिसला होता सर, पण हात आला नाही.’ हे वाक्य बॉक्सर एकदा बोलला तर सोडून द्या. दर आठवड्याला बोलायला लागला तर त्याचे डोळे अजून बॉक्सर आहेत आणि हात निवृत्त झालेत. नव्या, कच्च्या पोराचा सरळ उजवा लागायला लागला की मी त्या पोराचं कौतुक करतो आणि जुन्याला बाजूला घेऊन बोलतो.

तिसरी, दोरी. पायांनी टाळता येत नाही तेव्हा माणूस पाठ टेकतो आणि सोसतो. अलीनं 1974 मध्ये किन्शासात फोरमनपुढं दोरीला टेकून मार झेलला आणि आठव्या राउंडला त्याला पाडलं. जगानं त्याला युक्ती म्हटलं. पुढं तीच सवय झाली, सरावातसुद्धा. तुमचा माणूस ‘मी मुद्दाम घेतोय, दमवतोय त्याला’ म्हणायला लागला तर त्याला विचारा, दमवून मग पुढं काय केलंस?

चौथी खूण शेडमध्ये दिसत नाही, घरी दिसते. विनाकारण चिडणं, उजेड सहन न होणं, सकाळी डोकं जड, चावी-पैसे कुठं ठेवले ते न आठवणं, जीभ जड होणं. हे कोचला कळत नाही, आईला आणि बायकोला कळतं. म्हणून मी वर्षातून एकदा पोरांच्या घरी जाऊन बसतो आणि चहा होईपर्यंत नुसतं ऐकतो.

आवाजासाठी एक साधा उपाय. दर सहा महिन्यांनी वर्तमानपत्रातला एकच ठरलेला उतारा मोबाइलवर वाचून ठेवायचा. उतारा बदलायचा नाही. पुढं दोन रेकॉर्डिंग शेजारीशेजारी लावून ऐकायची. हे आमच्या मनचं खूळ नव्हे. संशोधकांनी अलीच्या 1968 ते 1981 च्या मुलाखती तपासल्या तेव्हा त्याच्या बोलण्याचा वेग साधारण चतुर्थांशानं मंदावलेला सापडला. पार्किन्सन्सचं निदान झालं 1984 मध्ये. म्हणजे जीभ आधीच सांगत होती. अर्थात रेकॉर्डिंग म्हणजे तपासणी नव्हे. शंका आली की न्यूरॉलॉजिस्टकडं जायचं, आणि जाताना वही न्यायची.

वही ही: तारीख, कुणाशी स्पारिंग, किती राउंड, डोक्याला जोरात लागलं का, नंतर डोकं दुखलं का. पाच रकाने पुरतात. वही बॉक्सरनं लिहायची नाही, दुसऱ्यानं लिहायची, कारण बॉक्सर खोटं बोलतो. मीही बोलायचो, सगळेच बोलतात. अॅमॅच्युअर नियमांत पूर्वीपासून अट आहे: डोक्याच्या मारानं बाउट थांबली तर किमान 30 दिवस विश्रांती, तीन महिन्यांत दोनदा झालं तर 90 दिवस, वर्षात तीनदा झालं तर पूर्ण वर्ष. ही अट बाउटच्या नोंदीवर चालते. शेडमध्ये पडलेला कुणाच्याच नोंदीत नसतो. आमच्याकडं शेडमध्ये पडलेल्यालाही हेच दिवस लागू.

आणि ‘मेडिकल पास झालोय’ हे उत्तर मी घेत नाही. ऑक्टोबर 1980 मध्ये अली 38 व्या वर्षी लॅरी होम्ससमोर उतरला तेव्हा त्याचीही मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झालेली होती आणि त्यावर नेवाडानं परवाना दिला होता. होम्स एके काळी अलीचाच स्पारिंग पार्टनर. दहा राउंड त्यानं अलीला मारलं, मारता मारता रेफरीकडं बघत होता, शेवटी कॉर्नरमधून अलीचा कोच अँजेलो डंडीनं थांबवलं. डोक्यावरच्या ठोशांनी बॉक्सरांच्या मेंदूला होणाऱ्या आजाराबद्दल मार्टलंड नावाच्या डॉक्टरनं 1928 मध्येच लिहिलंय. आणि आजही त्याचं पक्कं निदान माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच होतं. तेव्हा स्वच्छ स्कॅन आला म्हणून पुढं लढायची परवानगी मिळाली असं समजू नका.

एकच माणूस नेमा

सप्टेंबर 1977 मध्ये अली अर्नी शेव्हर्सशी पंधरा राउंड लढला, जिंकला. त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांच्या हातात मूत्रपिंडाचा वाईट रिपोर्ट आला. त्यांनी तो अलीला, त्याच्या बायकोला, मॅनेजरला पाठवला. कुणाचंच उत्तर आलं नाही. पाचेको सोडून गेले. अली आणखी चार लढती लढला, त्यातल्या तीन हरला. शेवटची डिसेंबर 1981 मध्ये बहामाजला, ट्रेव्हर बर्बिककडून.

तीन जणांना पाठवलेला रिपोर्ट कुणाच्याच अंगाला लागत नाही, हे आपल्या गणपती मंडळाच्या वर्गणीसारखंच, असो. मुद्दा हा की अधिकार एकाकडं द्या. लेखी द्या: ‘हा माणूस म्हणेल त्या दिवशी मी थांबेन, वाद घालणार नाही.’ तो माणूस तुमच्या जिंकण्यावर पैसे कमावणारा नसावा. म्हणजे कोच नको, स्पॉन्सर नको, फ्लेक्स लावणारा दादा तर नकोच. मोठी बहीण चालेल. तुमच्याबरोबर लढलेला आणि आता सुखानं नोकरी करणारा जुना मित्र सगळ्यात चांगला.

मनिलात 1975 मध्ये अलीविरुद्धच्या लढतीत जो फ्रेझरला चौदाव्या राउंडनंतर त्याचे कोच एडी फच यांनी उठू दिलं नाही. फ्रेझरला लढायचं होतं. एकच राउंड राहिला होता. डोळे सुजून बंद होत आलेल्या माणसाला त्यांनी खाली बसवलं. फ्रेझरला त्याचा राग होता, पण त्या रात्रीमुळं त्याचं नाव छोटं झालं का? उलट मनिला म्हटलं की दोघांचीही नावं येतात. फ्रेझरचं नंतरचं आठवा: 1976 मध्ये फोरमनकडून पराभव, आणि 1981 च्या त्याच डिसेंबरात, अलीच्या शेवटच्या लढतीच्या आठवडाभर आधी, शिकागोत फारसं नाव नसलेल्या एका बॉक्सरशी बरोबरी. मनिलातले दोन वाघ, आणि त्यांचा शेवट एकाच महिन्यात असा.

पैशाचं आधी बघा

जो लुईसनं मार्च 1949 मध्ये किताब सोडला तेव्हा तो जवळजवळ बारा वर्षं गादीवर होता, 25 वेळा किताब राखलेला. यापेक्षा चांगला शेवट नाही. पण अमेरिकेचं आयकर खातं मागं लागलेलं होतं. युद्धात दोन लढतींची बिदागी त्यानं नौदल आणि लष्कराच्या मदतनिधीला दिली होती, कर मात्र त्यावरही मागितला गेला. 1950 मध्ये तो परत आला आणि एझर्ड चार्ल्सकडून हरला. ऑक्टोबर 1951 मध्ये मार्सियानोनं त्याला आठव्या राउंडला दोरीबाहेर घातलं. पुढं कुस्तीचे खेळ केले, आणखी पुढं लास व्हेगासच्या कॅसिनोत पाहुण्यांचं स्वागत करायचं काम केलं. थांबायची वेळ त्यानं अचूक निवडली होती. थांबलेलं राहायला पैसे लागतात, ते नव्हते.

आपल्याकडं पैसे म्हणजे नोकरी, आणि नोकरी म्हणजे प्रमाणपत्र. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी झालेली असावी लागते, आणि आपला विभाग पुणे. थांबल्यावर चार वर्षांनी कागद गोळा करायला निघालात तर स्पर्धेचा अहवाल मिळत नाही, सही करणारा बदललेला असतो, वयाची अट निघून जाते. म्हणून प्रत्येक स्पर्धेहून परत आल्यावर, मेडल मित्रांना दाखवायच्या आधी, प्रमाणपत्राची प्रत, ड्रॉशीट (कोण कुणाशी लढणार त्याचा तक्ता) आणि निकालपत्र एका फाइलमध्ये लावा. जाहिरातीत कुठल्या पदाला कुठल्या पातळीचं मेडल लागतं ते वाचा, आणि वरच्या त्या तीन गोष्टींच्या कागदाशी ताडून बघा. पुष्कळदा कळतं की ज्या मेडलसाठी तुम्ही अजून दोन वर्षं मार खाणार आहात, ते नोकरीसाठी लागतच नाही.

परत यायचं असेल तर

जॉर्ज फोरमनचं नाव घेणार, माहिती आहे मला. 1977 मध्ये थांबला, दहा वर्षांनी आला, आणि नोव्हेंबर 1994 मध्ये 45 व्या वर्षी मायकल मूररला दहाव्या राउंडला पाडून किताब घेतला. खरं आहे. पण ती दहा वर्षं त्यानं एकही ठोसा खाल्ला नव्हता, धर्मोपदेश करत होता. तुम्ही ती दहा वर्षं दर शनिवारी स्पारिंग केलंत. शिवाय फोरमनचं नाव सांगणारे परत येऊन पडलेल्यांची नावं सांगत नाहीत, ती यादी लांब आहे.

विजेंदरचं बघा. 2008 चं बीजिंगचं ब्राँझ, 2015 पासून व्यावसायिक, सलग बारा विजय. मार्च 2021 मध्ये गोव्यात आर्टिश लोपसाननं हरवलं. ऑगस्ट 2022 मध्ये रायपूरला येऊन त्यानं घानाच्या बॉक्सरला पाडलं. गेलं ते परत मिळवून, घरच्या लोकांपुढं जिंकून दाखवलं. पण त्याचं नाव बीजिंगवर उभं आहे, ते 2021 नं पडलं नाही आणि 2022 नं वाढलंही नाही.

पोरींसाठी वेगळं सांगतो. सुट्टी घेणं म्हणजे निवृत्ती नव्हे. मेरी कोमला 2007 मध्ये जुळी मुलं झाली आणि 2008 मध्ये ती परत जागतिक विजेती झाली. तिसऱ्या मुलानंतर 2014 मध्ये एशियाडचं सुवर्ण, आणि 2018 मध्ये सहावं जागतिक सुवर्ण. आपल्याकडं पोरीचं लग्न ठरलं की सासरचे-माहेरचे मिळून तिची निवृत्ती जाहीर करून टाकतात. असा निर्णय मी मोजतच नाही. तिची वही उघडी ठेवतो, किट बाजूला ठेवतो. ती स्वतः येऊन ‘सर, बास’ म्हणेल तेव्हा बंद.

सांगायचं कसं

थोडक्यात सांगा, लेखी सांगा, स्वतः सांगा. जानेवारी 2024 मध्ये दिब्रुगडला शाळेच्या कार्यक्रमात मेरी कोम वयाच्या नियमाबद्दल बोलली आणि देशभर निवृत्तीची बातमी झाली. तिला खुलासा करावा लागला की मी असं जाहीर केलेलं नाही. तिचं झालं तर तुमचं होणारच, आपल्याकडं तर व्हॉट्सअॅप ग्रुप पुरतो. म्हणून चार ओळी लिहा: कधीपासून थांबतोय, कुणाचे आभार, पुढं काय करणार. पराभवाचं कारण, जजची चूक, खांद्याचं दुखणं त्यात घालू नका. निरोपाची बाउट ठेवायची असेल तर एकच. दुसऱ्या निरोपाला लोक हार आणत नाहीत.

आणि तुमची जागा घेणाऱ्याला हात मिळवा. डिसेंबर 2019 च्या दिल्लीतल्या निवड चाचणीत मेरीनं निखत झरीनला 9-1 नं हरवलं. लढत एकतर्फी होती, पण चर्चा उरली ती न झालेल्या हस्तांदोलनाची. निखत पुढं 2022 आणि 2023 मध्ये जागतिक विजेती झाली.

नंतर

हवा सिंग यांनी 1966 आणि 1970 च्या एशियाडमध्ये हेवीवेटचं सुवर्ण घेतलं. मग हरियाणातल्या भिवानीत पोरं घडवायला लागले. 1999 मध्ये द्रोणाचार्य जाहीर झाला, 2000 मध्ये गेले. 2008 मध्ये बीजिंगला गेलेल्या आपल्या बॉक्सरांत बहुतेक भिवानीत तयार झालेले होते. आज हवा सिंगांच्या लढती कुणी पाहिलेल्या नसतात, भिवानी मात्र सगळ्यांना माहीत. आपल्या मातीतल्या वस्तादांचं असंच असतं, पट्ठ्यावरून वस्ताद ओळखतात.

पण चांगला बॉक्सर म्हणजे चांगला कोच असं नाही. शिकवायचं असेल तर शिका. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा करा, तेवढा वेळ नसेल तर त्यांचा सहा आठवड्यांचा कोर्स. नियमांची आवड असेल तर रेफरी-जजची परीक्षा द्या. जिल्ह्याला चांगले जज कायम कमी पडतात, आणि जुना बॉक्सर खुर्चीत असला की निकालावर आरडाओरडा कमी होतो. यातलं काहीच नको असेल तर सरळ दुकान टाका, माग चालवा. त्यात कमीपणा नाही.

एक पथ्य मात्र पाळायचं. थांबल्यावर स्पारिंग करायचं नाही. पॅड धरा, बॅग मारा, सावलीशी खेळा. आणि गड्ड्याच्या यात्रेला, कुणाच्या वाढदिवसाला ‘फक्त दोन राउंड, प्रदर्शनीय’ असं बोलावणं आलं तर नाही म्हणा. नोव्हेंबर 2024 मध्ये टायसन 58 व्या वर्षी जेक पॉलपुढं आठ राउंड उभा राहिला. त्याला त्याचे करोडो मिळाले. तुम्हाला शाल, नारळ आणि ट्रॉफी मिळेल, आणि समोरचं विशीतलं पोरगं पहिल्या मिनिटाला प्रदर्शनीय म्हणजे काय ते विसरेल.

ज्यांचा कागद अजून लिहून झालेला नाही त्यांनी रविवारी सकाळी शेडवर यावं. येताना प्रमाणपत्रांची फाइल आणि घरचं एक माणूस बरोबर आणायचं. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर माणूस आणा.